एका 'कन्सिडर'वर अडलेला दंड: मेफ्लावरच्या पेगासस पाइपलाइनचं प्रकरण

२९ मार्च २०१३, गुड फ्रायडेची दुपार. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात मेफ्लावर म्हणून एक छोटं गाव आहे, तिथल्या नॉर्थवूड्स नावाच्या वसाहतीत घरांच्या मागच्या जमिनीतून काळंकुट्ट घट्ट तेल वर यायला लागलं. लॉनवरून ते रस्त्यावर आलं, रस्त्याच्या कडेने वाहत पावसाच्या पाण्याच्या गटारात गेलं, तिथून नाल्यात आणि नाल्यातून लेक कॉनवे या तलावाच्या एका फाट्यात. २२ घरं रिकामी करावी लागली. आपल्या अंगणाखालून २० इंची क्रूड ऑइलची लाइन जाते हे तिथल्या कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ही लाइन म्हणजे पेगासस. तेव्हा चालवणारी एक्झॉनमोबिल पाइपलाइन कंपनी. इलिनॉयमधल्या पटोकापासून टेक्ससमधल्या नेदरलँडपर्यंत सुमारे ८५० मैल लांब, आणि यातला जो भाग फुटला तो १९४७-४८ साली टाकलेला. सरकारी आकड्याप्रमाणे ३,१९० बॅरल तेल सांडलं, एक बॅरल १५९ लिटरचं धरलं तर पाच लाख लिटरच्या वर. पाइपला जी चीर पडली ती २२ फूट लांब होती. बावीस फूट! आणि गंज लागून भोक पडलं असंही नव्हतं, पाइप सरळ सीमच्या, म्हणजे लांबीभरच्या जोडाच्या, रेषेत उसवल्यासारखा फाटला होता.

या अपघातावर लिहिलेलं बरंच वाचायला मिळतं, पण त्यातलं बहुतेक तेल, घरं आणि साफसफाई यावर आहे. मला त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो, म्हणजे सरकारने दंड लावला, कंपनी कोर्टात गेली आणि कोर्टाने तो जवळजवळ सगळा काढून टाकला, हे नेमकं कसं झालं. सेफ्टीचे नियम लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि पाळणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात कोणी लाच घेतली नाही, कोणी कागद लपवले म्हणून केस उभी राहिली नाही, सगळं अडलं ते नियमातल्या 'कन्सिडर', म्हणजे 'विचारात घ्या', या एका क्रियापदावर.

आधी त्या सीमकडे बघूया, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पाइप बनवताना स्टीलची लांब पट्टी घेतात, ती गोल वळवतात, दोन्ही कडा एकमेकींसमोर आणतात, कडांमधून वीज सोडून त्या तापवतात आणि दाबून जोडतात. याला ईआरडब्ल्यू म्हणतात, इलेक्ट्रिक रेझिस्टन्स वेल्डिंग. १९७० च्या आधी बऱ्याच कारखान्यांत हे काम कमी फ्रीक्वेन्सीच्या करंटवर व्हायचं आणि त्यात जोड सगळीकडे सारखा बसायचा नाही, कुठे कडा नीट वितळलेल्या नाहीत, कुठे जोडाच्या आसपासचं स्टील कडक आणि ठिसूळ झालेलं. त्यात आणखी एक भानगड असते. स्टीलच्या पट्टीत अशुद्ध पदार्थांचे बारीक पापुद्रे अडकलेले असले तर एरवी ते पट्टीच्या पृष्ठभागाला समांतर पडून असतात आणि फार त्रास देत नाहीत, पण कडा दाबून जोडताना धातू बाहेरच्या बाजूला वळतो तसे हे पापुद्रेही वळतात आणि गळासारखी वाकडी चीर तयार होते. म्हणून तिला हुक क्रॅक म्हणतात. ती पाइप कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हापासूनच आत असते. बाहेरून काही दिसत नाही, आणि ती दहा वर्षं, साठ वर्षं तशीच राहू शकते किंवा एक दिवस उघडू शकते. मेफ्लावरच्या तुकड्याची लॅबमध्ये तपासणी झाली तेव्हा सीमजवळ हुक क्रॅकच सापडले, आणि तिथल्या स्टीलची चिवटपणाची क्षमता फारच कमी निघाली.

हे सरकारला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. १९८८ आणि १९८९ मध्येच जुन्या ईआरडब्ल्यू सीमबद्दल ऑपरेटरांना, म्हणजे लाइन चालवणाऱ्या कंपन्यांना, सावधगिरीच्या सूचना निघाल्या होत्या. मग १० जून १९९९ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला पेट्रोलची लाइन फुटली, पेट्रोल ओढ्यात उतरलं, पेटलं, आणि दोन दहा वर्षांची मुलं आणि एक अठरा वर्षांचा मुलगा गेले. त्यानंतर डिसेंबर २००० मध्ये मोठ्या ऑपरेटरांसाठी इंटेग्रिटी मॅनेजमेंटचा नियम आला, फेडरल नियमांच्या भाग १९५ मधलं कलम ४५२. त्याचा गाभा असा की लोकवस्ती, पिण्याच्या पाण्याचे स्रोत, नाजूक पर्यावरण अशा ठिकाणांना धक्का लागू शकेल असे पाइपलाइनचे भाग ऑपरेटरने ओळखायचे, त्यांना असलेले धोके शोधायचे, साधारण पाच वर्षांच्या आत पुन्हा पुन्हा तपासायचे आणि सापडलेले दोष ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करायचे. पेगासस तर मध्य आर्कान्साला पिण्याचं पाणी देणाऱ्या लेक मॉमेलच्या पाणलोटातूनही जाते, म्हणजे हा नियम तिला लागू होताच.

हा नियम अमलात आणणारी संस्था म्हणजे पाइपलाइन अँड हॅझर्डस मटेरियल्स सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन, सगळे तिला फिम्सा म्हणतात, ती वाहतूक खात्याखाली येते.

आता जुन्या सीमबद्दल नियम काय म्हणतो ते बघा. भाग १९५ च्या कलम ३०३ मध्ये एक पोटकलम आहे, त्याचा मराठीत सरळ अर्थ असा: १९७० च्या आधीचा सगळा ईआरडब्ल्यू पाइप सीम फाटण्याच्या धोक्यातला आहे असं मानलं जाईल, इंजिनीअरिंग विश्लेषणाने वेगळं दिसलं तर सोडून, आणि असं विश्लेषण करताना ऑपरेटरने त्या पाइपचा सीममधून गळतीचा इतिहास आणि उत्पादनाची उपलब्ध माहिती विचारात घेतली पाहिजे. बस. इंग्रजीत तिथे 'कन्सिडर' हे क्रियापद आहे. आणि पाइप एकदा धोक्यातला ठरला की पाच वर्षांच्या तपासणीत सीमचे दोष पकडू शकेल अशीच पद्धत वापरावी लागते, नुसता गंज मोजणारं यंत्र आतून फिरवून भागत नाही.

मला हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा अगदी कडक वाटलं होतं. आधी धोका आहे असं धरून चालायचं, मग नाही हे तुम्ही दाखवायचं. पण पुन्हा वाचलं की लक्षात येतं, कुलूप सरकारने लावलंय आणि किल्ली ऑपरेटरच्या हातात दिलीय. विश्लेषण तोच करणार, निष्कर्ष तोच काढणार. निष्कर्ष किती पुराव्यावर काढायचा, कुठला पुरावा आला की 'धोका नाही' म्हणताच येणार नाही, याबद्दल वाक्यात एक अक्षर नाही.

२००५-०६ मध्ये या लाइनची हायड्रोटेस्ट झाली. म्हणजे लाइन पाण्याने भरायची आणि रोजच्या कमाल दाबाच्या निदान सव्वापट दाबावर काही तास धरून ठेवायची, जे कच्चं असेल ते तिथेच फुटेल, पाणी सांडेल, तेल नाही. या टेस्टमध्ये सीम एकाहून जास्त ठिकाणी फाटली. ते तुकडे बदलले, लाइन टेस्ट पास झाली. त्याच सुमारास, २००६ मध्ये, प्रवाहाची दिशा उलटी केली, आधी तेल दक्षिणेकडून उत्तरेला जायचं ते आता कॅनडाचं जड क्रूड उत्तरेकडून दक्षिणेला यायला लागलं, आणि २००९ मध्ये क्षमताही वाढवली.

आता इथे दोन प्रामाणिक माणसं एकच गोष्ट बघून दोन वेगळे निष्कर्ष काढू शकतात, आणि तेच झालं. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं होतं की जे फाटलं ते टेस्टच्या वाढीव दाबावर फाटलं, ते कारखान्यातलेच जुने दोष होते, दाब कमीजास्त होऊन ते वाढत चाललेत याचा पुरावा तुकड्यांच्या तपासणीत मिळाला नाही, उरलेला पाइप टेस्टमध्ये टिकला, त्यामुळे चालू दाबावर सीम फाटायचा धोका आहे असं म्हणता येत नाही. शिवाय त्यांनी हे मनाने केलं नव्हतं. २००४ मध्ये सरकारच्याच पाइपलाइन सेफ्टी कार्यालयाने जुन्या सीमचं मूल्यमापन कसं करावं यावर एक अहवाल करून घेतला होता, त्यात पायरीपायरीने प्रश्न विचारत जाणारी पद्धत दिली होती, आणि कंपनीने सांगितलं की आम्ही त्याच पायऱ्यांनी गेलो. त्यातून त्यांनी ठरवलं, हा पाइप सीम फाटण्याच्या धोक्यातला नाही.

फिम्साचं म्हणणं, अहो सीम टेस्टमध्ये फाटल्या, एकदा नाही अनेकदा, याहून मोठा गळतीचा इतिहास कोणता हवा? हे विचारात घेतलं असतं तर 'धोका नाही' हा निष्कर्ष निघालाच नसता. आणि निष्कर्ष चुकला म्हणून सीमची खास तपासणी वेळेत झाली नाही. चिरा शोधणारं यंत्र त्या भागातून फिरलं ते फेब्रुवारी २०१३ मध्ये, अपघाताच्या काही आठवडे आधी, आणि त्याचा रिपोर्ट हातात यायच्या आत लाइन फुटली.

तांत्रिक बाजूने मी फिम्साच्या बाजूला आहे. हायड्रोटेस्टमध्ये सीम फाटणं म्हणजे त्या पाइपने स्वतःहून सांगितलेली गोष्ट असते. टेस्ट पास झाली याचा अर्थ इतकाच की सव्वापट दाबावर त्या दिवशी फुटण्याएवढा मोठा दोष उरला नाही, त्याहून जरासे लहान दोष अजूनही आत आहेतच, आणि एकाच काळात बनवलेल्या शेकडो मैल पाइपमध्ये ते बरेच असणार. त्यात त्या दाबाने एखादा टिकलेला दोष किंचित वाढलाही असू शकतो. सहा-सात वर्षांनी त्यातला एक उघडला यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

पण दंड तांत्रिक मतावर टिकत नाही, नियमाच्या शब्दांवर टिकतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये फिम्साने उल्लंघनाची नोटीस काढली, नऊ मुद्दे आणि २६,५९,२०० डॉलरचा प्रस्तावित दंड. मग ठरलेली वाट, कंपनीचं उत्तर, सुनावणी, कागदपत्रांचे गठ्ठे, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये अंतिम आदेश, दंड २६,३०,४०० डॉलर. कंपनीने फेरविचार मागितला, तिथे दाद मिळाली नाही, मग प्रकरण पाचव्या सर्किटच्या (विभागाच्या) फेडरल अपील कोर्टात गेलं. १४ ऑगस्ट २०१७ ला निकाल लागला आणि बहुतेक उल्लंघनं त्यांच्या दंडासकट रद्द झाली, जे थोडं उरलं त्याचा दंड नव्याने ठरवायला फिम्साकडे परत पाठवलं.

कोर्टाचा तर्क साधा आहे आणि खरं सांगायचं तर तो खोडायला अवघड आहे. नियम म्हणतो विचारात घ्या. कंपनीने विचारात घेतलं का? घेतलं, त्याचे कागद आहेत, विश्लेषण आहे, तुकड्यांच्या तपासण्या आहेत. मग फिम्सा म्हणते त्याप्रमाणे 'नीट विचार केला असता तर हाच निष्कर्ष निघाला असता' असा अर्थ त्या क्रियापदात बसतो का? नाही बसत. विचार करायला सांगणारा नियम एका ठराविक उत्तराची सक्ती करत नाही. सरकारी संस्था स्वतःच्या नियमाचा जो अर्थ लावते त्याला कोर्ट सहसा मान देतात, पण शब्द स्पष्ट असताना तो मान देण्याचा प्रश्नच येत नाही असं कोर्टाने धरलं. आणि दुसरा मुद्दा मला जास्त लागला तो असा की फिम्साला जर टेस्टमधली फेल्युअर म्हणजे आपोआप 'धोक्यातला पाइप' असं म्हणायचं होतं तर ते आधी सांगायला हवं होतं, सरकारच्याच मार्गदर्शनाप्रमाणे चाललेल्याला नंतर दंड लावणं म्हणजे पूर्वसूचना न देता शिक्षा. लाइन फुटली हे दुर्दैवी असलं तरी फुटली म्हणून विचारच केला नव्हता असं सिद्ध होत नाही, हेही कोर्टाने म्हटलं.

बऱ्याच जणांना हा निकाल मोठ्या कंपनीला सोडून दिल्यासारखा वाटला. मला तसं वाटत नाही. न्यायाधीशांनी नियमात जे छापलंय तेच वाचलं. चूक त्याच्या आधी कित्येक वर्षं झाली होती, नियम लिहिताना, जेव्हा कोणीतरी 'कन्सिडर' लिहून पुढच्या वाक्याकडे गेलं. आणि दुसरी चूक २००४ ते २०१३ च्या मधल्या काळातली, जेव्हा जुन्या सीमच्या लाइनी चालवणाऱ्यांच्या विश्लेषणांवर 'हे आम्हाला मान्य नाही, सीमची तपासणी करा' असं लेखी सांगण्याची वेळ होती. त्या काळातलं एक पत्र नंतरच्या नोटिशीपेक्षा जास्त कामाचं ठरलं असतं, कारण मग कंपनीला पूर्वसूचना नव्हती असं म्हणताच आलं नसतं, आणि कोण जाणे, पाइपही वाचला असता.

याच गळतीवर दुसऱ्या कायद्याखाली काय झालं ते शेजारी ठेवून बघा म्हणजे फरक कळेल. फेडरल सरकार आणि आर्कान्सा राज्याने क्लीन वॉटर ॲक्ट आणि राज्याच्या कायद्यांखाली वेगळा दावा केला होता. एप्रिल २०१५ मध्ये त्यात तडजोड झाली: केंद्राला ३१.९ लाख डॉलर दंड, राज्याला १० लाख डॉलर दंड, लेक कॉनवेच्या पाण्याच्या कामासाठी ६ लाख, राज्याच्या खटल्याचा खर्च २ लाख ८० हजार, शिवाय जुन्या पाइपबद्दल आणि गळतीच्या वेळच्या तयारीबद्दल काही गोष्टी करण्याचं बंधन. ३,१९० बॅरल आणि ३१.९ लाख डॉलर, म्हणजे बॅरलमागे बरोबर हजार डॉलर पडतात. हे दोन वर्षांत मिटलं, कारण तो कायदा विचारतो की तेल पाण्यात गेलं का आणि किती गेलं, तुम्ही काय विचार केला होता हे तो पहिल्यांदा विचारतच नाही. म्हणजे गळतीच्या परिणामाचा दंड वसूल झाला, आणि गळती ज्यामुळे टळली असती त्या कामात कसूर झाली म्हणून लावलेला दंड गेला. सेफ्टीच्या दृष्टीने हे उलटं आहे, कारण मेफ्लावरच्या लोकांना गरज होती ती या दुसऱ्या प्रकारच्या नियमाची.

आणि तिसरी एक गोष्ट, जिच्याकडे दंडाच्या बातम्यांत फारसं लक्ष जात नाही. अपघातानंतर चार दिवसांत, २ एप्रिल २०१३ ला, फिम्साने सुधारणा आदेश काढला होता, लाइन आमच्या परवानगीशिवाय सुरू करायची नाही, आधी हे तपासा, ते करा, योजना दाखवा. धोका समोर असेल तर सुनावणीची वाट न बघता असा आदेश काढायचा अधिकार त्यांना कायद्याने आहे. टेक्ससमधला दक्षिणेकडचा तुकडा २०१४ मध्ये परत सुरू झाला, पण मेफ्लावर ज्यावर आहे तो उत्तरेचा सुमारे साडेसहाशे मैलांचा भाग नंतरही वर्षानुवर्षं बंदच राहिला. रोज नव्वद हजार बॅरलच्या वर तेल नेणारी लाइन बंद असण्याची किंमत २६ लाखांच्या दंडापेक्षा किती मोठी असेल याचा अंदाज कोणीही करू शकतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरा वचक बसवणारा कागद तोच होता, आणि तो टिकला कारण त्यात कोणाच्या विचारप्रक्रियेचं मोजमाप करायचं नव्हतं, फुटलेला पाइप समोर होता. फक्त तो येतो अपघात झाल्यावर, ही त्याची मर्यादा.

यावर एक बाजू अशी मांडली जाते की मग सगळेच नियम आकड्यांत लिहा, अमुक टेस्टमध्ये सीम फाटली की अमुक महिन्यांत तपासणी, विषय संपला. मला ते अर्धंच पटतं. पाइपलाइन एकसारख्या नसतात, कारखाना, साल, जाडी, दाब, जमीन सगळं वेगळं, आणि इंटेग्रिटी मॅनेजमेंट आणलं ते याच कारणाने की सरकारच्या एका तक्त्यात सगळं बसत नाही, लाइन ओळखणाऱ्या माणसानेच तिचा विचार करावा. ती कल्पना मला आजही बरोबर वाटते. पण विचार ऑपरेटरवर सोपवायचा असेल तर काही पुरावे असे ठरवून ठेवायला हवेत की ते दिसले की विचाराला एकच दिशा उरते. चालू दाबावर किंवा टेस्टमध्ये सीम फाटणं हा माझ्या दृष्टीने तसा पुरावा आहे. निदान एवढं तरी नियमात असावं की 'धोका नाही' असा निष्कर्ष काढला तर तो आधी फिम्साला कळवा, म्हणजे त्यांना हो किंवा नाही म्हणायला भाग पडेल आणि जबाबदारी दोघांच्या सहीने कागदावर येईल.

१ ऑक्टोबर २०१९ ला फिम्साने धोकादायक द्रवांच्या पाइपलाइनसाठी सुधारित नियम छापले, ते १ जुलै २०२० पासून लागू झाले. त्यात गळती ओळखण्याच्या यंत्रणेचं बंधन वाढवलं, पूर किंवा वादळासारख्या घटनेनंतर ७२ तासांत पाहणी सुरू करायला सांगितलं, महत्त्वाच्या भागांतल्या लाइनींमधून वीस वर्षांत तपासणी यंत्र फिरू शकलं पाहिजे असं केलं. आणि कलम ४५२ मध्ये माहितीचं विश्लेषण करताना काय काय धरायचं याची लांबलचक यादी घातली. त्या यादीत पाइपची सीम कुठल्या प्रकारची आहे हे आहे, हायड्रोटेस्टचा दाब आहे, आणि त्याच ओळीत, टेस्टमध्ये झालेल्या फेल्युअर आणि गळत्यांसकट, असंही लिहिलंय.